पहारेकऱ्यावरून आपलं भांडण

काल तुझ्या शाळेतल्या शोकसभेत मी लोकांना हसवलं, इंदू. रागावू नकोस, माझा तसा बेत नव्हता. सिन्नरच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी चांगली गंभीर वाक्यं जुळवत गेले होते. पण तुझ्या मुख्याध्यापकांनी ती सगळी आधीच वापरून टाकली, आणि त्यांच्यानंतर उठलेल्या एका विश्वस्तांनी उरलीसुरलीही संपवली. मग माझं नाव पुकारलं. समोर तुझ्या नववीच्या मुली रांगेनं बसलेल्या, नाकं लाल झालेल्या. पहिल्या रांगेत तुझे भाऊ, बंडूदादा, उपरण्यानं चष्मा पुसत होते. मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "तुमच्या बाईंना एकदा परीक्षेत कॉपी करताना पकडलं होतं."

सभा जागी झाली. मग काय, तुला माझी खोड माहीत आहे. मी तुझा हात करून दाखवला, त्या तरुण सुपरवायझरच्या मिशा करून दाखवल्या, परीक्षाकेंद्राच्या साहेबांची सर्दीसुद्धा करून दाखवली. मुली हसल्या, मग हसल्याबद्दल घाबरल्या, मग पुन्हा हसल्या. बंडूदादांना हसू आवरेना. सभा संपल्यावर ते जवळ येऊन म्हणाले, "सुलूताई, हे आम्हांला घरी कधी कळलंच नाही हो." मी मान डोलावली. मनात म्हटलं, दादा, तुम्हांला अजूनही अर्धंच कळलंय.

उरलेलं अर्धं त्यांच्यासमोर सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते तुला आणि मला माहीत होतं. आता एकटीला मलाच माहीत आहे, आणि कालपासून या गोष्टीची मला धास्ती बसली आहे. दोघींना ठाऊक असलेली गोष्ट घडलेली असते. एकटीला ठाऊक असलेली गोष्ट, आणि ती एकटी माझ्यासारखी तिखटमीठ लावणारी, कोण खरी मानणार? उद्या मीच म्हणेन, हे मी कुठल्या नाटकात बघितलं होतं बरं? म्हणून हे तुलाच सांगते. तुझ्यापुढे तरी मला काही रंगवता येणार नाही.

ते चौऱ्याहत्तर साल. आपण दोघी एकाच कचेरीत टायपिस्ट होतो, समोरासमोरच्या टेबलांवर, आणि दोघीही बाहेरून बी.ए.ला बसलो होतो. दोघींचे बाकीचे पेपर निघाले होते. अडला होता तो इंग्रजी कवितेचा, आणि तोही दोघींचा. माझ्या घरी कुणाला फारशी घाई नव्हती. तुझं तसं नव्हतं. सिन्नरच्या शाळेनं तुला सांगून ठेवलं होतं की निकाल घेऊन या, इंग्रजीची जागा रिकामी आहे, बी.एड. मागाहून करा. आणि आण्णांनी, तुझ्या वडिलांनी, आवाज न चढवता सांगितलं होतं की या खेपेला नाही जमलं तर पुस्तकं माळ्यावर. आण्णांचा न चढलेला आवाज म्हणजे काय ते मी तुझ्या तोंडावर वाचायची. डबा उघडून तू नुसती पोळीच्या कडा तोडत बसायचीस.

त्या वर्षी नेमलेल्या संग्रहात एकही माणूस सुखानं बसलेला नव्हता. एका कवितेत तह करायला बसलेले दोन राजे आणि त्यांच्यामध्ये गार होत चाललेलं जेवण. दुसरीत लढाईहून न परतलेल्या मुलाचे बूट रोज घासून ठेवणारी आई. तिसरीत वेढा, चौथीत बंड. सत्ता आणि संघर्ष, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मी म्हणायची, "इंग्लंडात फुलपाखरांवर कुणी लिहीत नाही का गं?" तू म्हणायचीस, "फुलपाखरं पहिल्या वर्षाला होती. त्यात तू काठावर पास झालीस."

अभ्यासाला आपण रविवारी आमच्या कॉलनीत बसायचो, बुद्धविहाराच्या ओट्यावर. सकाळची वंदना झाली की ती जागा मोकळी असायची. तिथं मला पहिल्यांदा तुझी ती पाठांतराची तऱ्हा दिसली आणि मी पोट धरून हसले. तुझं घर यजुर्वेदी भिक्षुकांचं. तुझे भाऊ लहानपणी आण्णांपुढे बसून संहिता शिकले, शब्दांच्या जोड्या करत, पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा चौथ्याशी, आणि प्रत्येक स्वराला उजवा हात वर, खाली, बाजूला. एकही शब्द जागेवरून हलू नये म्हणून हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी काढलेली ती युक्ती. ती तू इंग्रजी कवितेला लावली होतीस. डोळे मिटून, पाठ ताठ करून, हात वरखाली करत तू म्हणत होतीस, "द किंग, किंग केम, केम टू, टू द, द गेट."

"अगं, राजा दारापाशी पोचायला संध्याकाळ होईल," मी म्हटलं.

"पोचेल तेव्हा पोचेल. पण विसरायचा नाही."

आणि खरंच तू विसरत नसायचीस. कुठूनही विचारा, उलटं विचारा, तुझा हात थोडा घुटमळायचा आणि ओळ हजर. माझी पद्धत दुसरी. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून राजा व्हायची, पदर कमरेला खोचून सेनापती व्हायची. शेजारच्या मावशी पाणी भरायला जाताना थांबून विचारायच्या, "सुले, ह्यो इंग्रजी तमाशा कवा उभा राहनार?" तू लाजून पुस्तकात तोंड घालायचीस. मी मावशींना सांगायची, तिकीट लावलंय, फुकट बघायचं नाही.

एकदा मी तुला विचारलं, भावांना आण्णांनी शिकवलं, तुला कुणी शिकवलं? तू म्हणालीस, "कुणी नाही. मी बाहेरच्या खोलीत निवडणं-टिपणं करायची. ऐकू यायचं."

"आणि हात?"

"दार किलकिलं असायचं."

ही आपली सुखाची बाजू झाली. दुखण्याची बाजू होती ती पहारेकऱ्याची कविता. काल मुलींना मी ती सांगितली नाही, म्हणून इथं नीट सांगते.

एका गावावर शत्रू चालून येतोय. राजा हुकूम देतो, वेशीचं दार लावा, सकाळपर्यंत कुणासाठीही उघडायचं नाही. दार लागतं. शेतांवर गेलेली गावचीच माणसं संध्याकाळी परत येतात आणि दार ठोठावतात. आत पहारेकरी असतो. तो त्यांचे आवाज ओळखतो. हा कुंभार, ही त्याची सून, हा आपल्या लग्नात जेवलेला. ती माणसं त्याला नावानं हाक मारतात. तो उघडत नाही. उजाडता उजाडता ठोठावणं थांबतं. मग राजा दारापाशी येतो आणि विचारतो, रात्री कुणी आलं होतं का? पहारेकरी म्हणतो, कुणी नाही, महाराज. संपली कविता.

गाईडात तिच्याखाली एकच प्रश्न होता, आणि तो दर दोन-तीन वर्षांनी येतो असं सगळे सांगत. या कवितेत खरी सत्ता कुणाची, राजाची की पहारेकऱ्याची?

तू म्हणायचीस, राजाची. "पहारेकरी गरीब माणूस गं. हुकमाचा ताबेदार."

"हुकूम दुपारी आला. रात्रभर अडसर धरून कोण बसलं?"

"उघडलं असतं तर मुंडकं गेलं असतं त्याचं. आणि त्याच्या जागी दुसरा उभा केला असता."

"मग त्या दुसऱ्याला धरू दे अडसर. यानं का धरला?"

"तू कवितेत नाही ते बोलतेस."

"आणि तू कवितेत आहे तेही बोलत नाहीस. तो शेवटी खोटं का बोलतो? कुणी आलं नाही, असं का सांगतो?"

"घाबरून."

"लाजून," मी म्हणायची.

नाशकात वाढलेल्या दोन बायकांनी बंद दारावरची कविता वाचली तर भांडण इंग्लंडात थांबत नाही. माझे आजोबा तरुणपणी सिन्नरकडच्या खेड्यातून चालत आले होते आणि पंचवटीतल्या देवळाच्या बंद दारापुढे शेकडो माणसांबरोबर उन्हात सत्याग्रहाला उभे राहिले होते. तुझे आजोबा त्याच दाराच्या आतल्या बाजूला होते. ओळख झाल्यापासून हे आपल्याला ठाऊक होतं. कचेरीत एका डब्यातून जेवताना ते मध्ये येत नव्हतं. मग हा परदेशी पहारेकरी आला आणि आपल्या दोघींच्या मध्ये बसला.

मला त्या दिवसांत भीती वाटायची, इंदू. मी विनोद करत होते, टॉवेल गुंडाळत होते, पण आतून धाकधूक होती की एखाद्या रविवारी तू येणार नाहीस. परीक्षेचं जे व्हायचं ते होईल. पण समोरच्या टेबलावर तू बसलेली असशील आणि आपण फक्त कार्बन पेपरबद्दल बोलू, हे मला सोसलं नसतं. एका रविवारी मी मर्यादा ओलांडलीच. म्हटलं, "तुला एवढा पुळका येतो त्याचा, पण वेद तूही दाराच्या फटीतूनच शिकलीस ना? म्हणजे तूही बाहेरचीच की."

तू पुस्तक मिटलंस. गोरीमोरी झालीस. तेवढ्यात माझी आई चहा घेऊन आली म्हणून बरं. आईला आपलं इंग्रजी कळत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं.

"ए बायांनो, त्यो पहारेकरी मेला का जिता हाय अजून?"

"मेला असेल गं आई. जुनी कविता आहे."

"मग मेलेल्याच्या पायी चहा कशाला निवू देता?"

तू कप घेतलास आणि एकदम आईलाच विचारलंस, "मावशी, तुमचे सासरे तेव्हा देवळापुढे होते ना? ते काय सांगायचे?"

मी चमकले. आई ओट्यावर टेकली. "काय सांगनार? ऊन लय व्हतं म्हनायचे. आतून घंटा वाजायची ती ऐकू यायची म्हनायचे."

"आणि दाराशी कोण असायचं?"

"असायचं कुनीतरी. मामंजींना नाव ठावं व्हतं त्याचं. आमाला कधी सांगितलं नाय. म्हनायचे, नाव कशापायी सांगू, त्याची बी लेकरं असतील."

तुझा चहा निवला. जाताना नेहमीसारखं "पुढच्या रविवारी" म्हणाली नाहीस, आणि तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. कचेरीत तू मान वर करत नव्हतीस. तुझं मशीन कधी नव्हे इतकं सरळ, एका लयीत चाललं होतं.

शनिवारी मीच तुझ्याकडे आले. निमित्त काढलं गाईडाचं. तुझ्या घरी मी नेहमी ओसरीवर बसायची. आत या असं कुणी म्हणत नसे आणि येऊ नका असंही कुणी म्हणत नसे. त्या दिवशी तू घरात नव्हतीस, रामकुंडाकडे काही सामान पोचवायला गेली होतीस. आण्णा स्वतः बाहेर आले. "बसा, येईल इतक्यात," म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले ते हातात चहाचा कप घेऊन. पांढरा, तुमच्या घरातला, बशीसकट. तो माझ्या हातात देताना त्यांनी समोरच्या घराच्या खिडकीकडे बघितलं. एवढंच. कप दिला, "साखर कमी आहे का?" विचारलं, आणि माझं उत्तर येईपर्यंत पुन्हा एकदा त्या खिडकीकडे बघितलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या ओसरीवर फक्त मीच अवघडून बसते.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू आलीस, माझ्या हातातला कप बघितलास, आण्णांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "उद्या येते. बंडाची कविता पक्की करायची आहे." माझा जीव भांड्यात पडला. पहारेकऱ्याचं नाव मग आपण परीक्षेपर्यंत काढलं नाही.

परीक्षेचा दिवस. इथपर्यंत आल्यावर काल मी पाण्याचा घोट घेतला आणि मुलींना वाटलं की मला गहिवरून आलं. गहिवर कसला, मला ती खोली आठवली होती. आपण फॉर्म एकत्र भरले होते म्हणून नंबर लागोपाठ आले. तू पुढे, मी मागे. प्रश्नपत्रिका हातात आली आणि पहिल्याच मोठ्या प्रश्नात तो दार धरून उभा. खरी सत्ता कुणाची, चर्चा करा.

तुझी पाठ ताठ झाली. आणि तुझा उजवा हात बाकाच्या कडेला निघाला. वर, खाली, बाजूला. तुझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि मी, घाबरले की कुठं तरी बघत बसायची माझी सवय, तर त्या हाताकडे टक लावून बसले. सुपरवायझर तरुण होता, बाहेरगावचा, नव्यानं मिशा राखलेला. पुढची बाई हातानं खुणा करते आणि मागची त्या टिपून घेते, हे त्याला जसं दिसलं तसं देवालाही नाकारता आलं नसतं. तो लांबून बराच वेळ बघत राहिला असणार, कारण आपली ती उत्तरं लिहून होत आली तेव्हा त्यानं दोघींचे पेपर ओढून घेतले आणि आपल्याला केंद्राच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत नेऊन उभं केलं.

काल मी इथंच लोकांना हसवलं. मिशा, सर्दी, हात. मोठ्या साहेबांनी नाक पुसत "खुणांची भाषा कुठली?" विचारलं ते. हसणं खरं होतं, पण त्या खोलीत आपण हसत नव्हतो. कॉपीची केस झाली तर पुढची काही वर्षं परीक्षेला बसता येणार नव्हतं. सिन्नरची जागा तोवर थांबणार नव्हती. माळ्यावर पुस्तकं चढताना मला दिसत होती.

"हात का हलवत होता?" साहेबांनी विचारलं.

तू तो हात पदराखाली घेतलास.

"सर, ती कविता आठवत होती," मी म्हटलं.

"हातानं?"

"तुम्ही थांबा," सुपरवायझर मला म्हणाला. "सर, ही मागची नुसती बघत होती. मान खाली घातली की लिहायची, वर केली की बघायची. उत्तर हिनंच घेतलंय."

तेवढ्यात साहेबांनी तुझं प्रवेशपत्र उचललं, आडनाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. खुर्चीत ते थोडे पुढे सरकले. "पंचवटीतले गुरुजी आहेत, त्यांच्यापैकी का आपण?"

आवाज मऊ झाला होता. 'तुम्ही'चं 'आपण' झालं होतं. इंदू, मला त्या क्षणी सगळं दिसलं. तू 'हो, त्यांची मुलगी' म्हणणार. हाताचा उलगडा होणार, साहेब हसणार, तुला पेपर परत मिळणार. आणि तू सुटलीस की गुन्हा उरणार माझ्या एकटीच्या नावावर, कारण बघणारी मीच होते. मला तुझा रागसुद्धा आला नाही. मी तुझ्या जागी असते तर तेच म्हणाले असते.

तू म्हणालीस, "नाही सर. त्यांचा आमचा काही संबंध नाही."

सरळ, डोळ्यांत बघून. आण्णांची मुलगी. माझा आ वासला तो मी मुद्दाम खोकून मिटवला.

साहेब पुन्हा मागे टेकले. पुन्हा 'तुम्ही' झालं. "ठीक. मग दोघींची उत्तरं शेजारी शेजारी ठेवू. जुळली तर मला रिपोर्ट पाठवावा लागेल."

ती जुळणारच होती.

कारण मी तुझं उत्तर लिहिलं होतं. तुझ्याकडे बघून नव्हे, तसं केलं असतं तरी परवडलं असतं. मी प्रश्न वाचला, पेन उघडलं आणि मला आण्णांचा कप आणि ती खिडकी आठवली. मग माझ्या हातून उतरलं ते सगळं तुझं. पहारेकरी हाही कैदी आहे. दाराच्या आत असला म्हणून मोकळा नाही, त्याच्यावर नजर आहे, तोही रात्रभर जागाच आहे. मुद्दे तुझे, क्रम तुझा, रविवारी ऐकून ऐकून वाक्यंसुद्धा तुझीच. आता तुझ्या कागदावर तेच असणार, आणि दोन कागद ओळीला ओळ जुळणार. आपण दोघी बुडालो, आणि बुडवलं ते आण्णांच्या चहानं.

साहेब वाचू लागले. एक पान इकडचं, एक तिकडचं. नाक पुसत, ओठ हलवत. सुपरवायझर त्यांच्या खांद्यावरून डोकावत होता. तू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतीस. मला तुझ्याकडे बघवेना.

"अहो," साहेब शेवटी त्याला म्हणाले, "काय बघून धरलंत या दोघींना? ही म्हणते पहारेकरी बिचारा, कैदी. आणि ही त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करते. एक मुद्दा सारखा नाही."

"पण सर, खुणा..."

"कॉपी करणारी माणसं कागदावर भांडत नाहीत हो. द्या त्यांचे पेपर."

त्यांनी दोन्ही कागद वळवले, आणि त्या एवढ्या वेळात मी तुझं अक्षर बघितलं. मला उलटं वाचता येतं, टायपिस्टला समोरच्या टेबलावरचं वाचायची सवय असते. तू लिहिलं होतंस, हुकूम राजाचा होता हे खरं, पण अडसर त्यानं आपल्या हातानं घातला. तू लिहिलं होतंस, त्याला प्रत्येकाचं नाव माहीत होतं. माझा मुद्दा, माझी तिडीक. मी टॉवेल गुंडाळून ओरडायची तेच, फक्त तुझ्या त्या सावकाश, सुबक इंग्रजीत. तुझ्या आजोबांविरुद्ध तू माझ्या आजोबांच्या बाजूनं साक्ष दिली होतीस.

आणि 'एक मुद्दा सारखा नाही' हे तूही ऐकलंस. म्हणजे मी काय लिहिलंय हे तुलाही त्याच क्षणी कळलं. तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. मग आपण दोन चोरांसारख्या खाली माना घालून वर्गात गेलो. पुढची दोन उत्तरं मी काय खरडली मला आठवत नाही.

बाहेर आल्यावर आपण मिसळ खायला गेलो. मी वाट बघत होते. तू रस्सा मागवलास, लिंबू पिळलंस आणि म्हणालीस, "काही म्हण सुलू, पहारेकरी बिचाराच होता." मी थक्क होऊन तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा अगदी कोरा. मग मीही म्हटलं, "बिचारा कसला? मेला आतून हसत असेल." आणि आपण भांडायला लागलो, जुन्या जागांवरून, जुन्या आवाजात, जणू त्या खोलीत काही झालंच नव्हतं.

निकाल लागला, दोघी पास झालो. तू सिन्नरला गेलीस, रोज बसनं जाऊन येऊन राहिलीस. आण्णा गेले तेव्हा मी आत माजघरात येऊन बसले आणि कुणालाच त्यात काही वाटलं नाही. वर्षानुवर्षं आपण भेटत राहिलो. वणीच्या गडाच्या पायऱ्या चढताना, बंडूदादांच्या मुलीच्या लग्नात पंगत वाढताना, कुठंही, कुणीतरी एकीनं त्या पहारेकऱ्याला उठवायचं आणि दुसरीनं त्याला आडवं करायचं. तू नेहमी त्याच्या बाजूची, मी नेहमी विरुद्ध. तिसऱ्या माणसाला वाटायचं, या बायका कुठल्या शेजाऱ्याबद्दल बोलतायत. विचारायचं नाही असं आपलं कधी ठरलं नव्हतं. पण मला भीती वाटायची की विचारलं तर भांडण मिटेल. आणि ते मिटलं तर आपल्यात उरेल काय, कचेरी तर कधीच सुटली होती.

शेवटच्या भेटीत दवाखान्यात तुझी भाची औषध आणायला खाली गेली होती. तू पडल्या पडल्या म्हणालीस, "सुलू, त्याचं शेवटी काय ठरलं गं?"

कुणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "काही ठरलं नाही. तू बरी हो, मग भांडू."

तुला सांगायचं असेल का काही? मी ते वाक्य घाईनं बोलले. तुझा चेहरा बघून मला फक्त तुला बरं करायचं होतं. तू हसलीस आणि डोळे मिटलेस. भाची आली, आणि मग नर्सनं मला बाहेर काढलं.

म्हणून आता विचारते, उत्तर येणार नाही हे माहीत असून. त्या दिवशी साहेबांनी कागद वळवले तेव्हा मी तुझं सगळं वाचलं नव्हतं. शेवटच्या परिच्छेदावर त्यांचा कोपर होता. पहारेकरी खोटं का बोलला, घाबरून की लाजून, ते तू तिथं लिहिलं असणार, कारण कवितेचा शेवट तोच होता. मी मान वाकडी करून बघितलं, कोपर हलला नाही, आणि मग तू पेपर उचललास.

त्या कोपराखाली काय लिहिलं होतंस, इंदू?